कुलपांच्या विद्येला कुलूप घालण्याआधी

कुलपांचा छंद जोपासणाऱ्या मंडळांच्या कार्यकारिणीस आणि त्यांतल्या माझ्या धंद्यातल्या सर्व बंधुभगिनींस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळांमधला ‘व्यावसायिक विभाग’ यापुढे फक्त धंद्यातल्या सभासदांना खुला ठेवायचा, असा ठराव पुढे आला आहे. तांत्रिक टिपणांची फाइल, खोलून पाहिलेल्या कुलपांचे तक्ते, नव्या मॉडेलांवरची चर्चा, जाणती मंडळी घेतात ती प्रात्यक्षिकं, हे सगळं हौशी सभासदांना बंद. ज्याला पाहायचं असेल त्याने आधी धंद्याचा पुरावा आणून द्यायचा. मी स्वतः पोटापाण्यासाठी कुलपं दुरुस्त करतो. ज्यांचं हित राखण्यासाठी हा ठराव आहे असं सांगितलं जातं, त्यांच्यापैकी मी एक. तरीही ठराव आज ज्या शब्दांत लिहिला आहे त्या शब्दांत माझा त्याला विरोध आहे, आणि तो मी बैठकीत दोन मिनिटं बोलून न संपवता सर्वांसमोर लिहून देतो आहे.

आधी हे मान्य करतो की ठरावामागची भीती खोटी नाही. चार दिवसांपूर्वी सभासद झालेला माणूस पहिल्याच भेटीत विचारतो, अमुक कंपनीचं अमुक मॉडेल आवाज न करता कसं उघडायचं. कुलूप कुणाचं, ते सांगत नाही. त्याला पिना कशा बसतात, स्प्रिंग कुठे असते यात रस नसतो. त्याला उत्तर हवं असतं, तेही आजच. अशी माणसं मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली आहेत. त्यांना दारातूनच परत पाठवावं, याबद्दल माझं दुमत नाही. पण त्या एका माणसासाठी उरलेल्या सगळ्यांना बाहेर बसवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं आहे. आणि यात सुळीवर जाणारा संन्यासी किती कामाचा असतो, ते मला माझ्याच कामातून कळलं.

आमच्या मंडळात कॉलेजात जाणारा एक मुलगा येतो. वर्षभर तो फक्त स्वतःची जुनी कुलपं घेऊन बसायचा. शेगड्यात (व्हाइसमध्ये) सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे घालतो तो कुलपाचा गाभा, आवळलेला, डाव्या हाताच्या तर्जनीने ताण द्यायची पट्टी केसाएवढी दाबलेली, उजव्या हातात पिक, म्हणजे पिना उचलायची बारीक सळई, आणि डोळे मिटलेले. हे काम डोळ्यांचं नाही, बोटांचं आहे. एक पिन योग्य उंचीला बसली की प्लग, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा आतला भाग, जेमतेम जाणवेल एवढा वळतो, मग दुसरी अडते, मग तिसरी. एकदा त्याने डोळे न उघडताच मला हाक मारली, ‘काका, ही चौथी खोटं बोलते.’ मी पट्टीला बोट लावून पाहिलं. खरंच, प्लग पुढे वळून थांबला होता आणि चौथी पिन उचलायला गेलं की उलटा मागे येत होता. ती डमरूच्या आकाराची पिन होती, मधे कंबर बारीक केलेली. पिन बसली असं वाटतं, पण ती कंबरेत अडकलेली असते. पिकने उघडणाऱ्याला फसवण्यासाठीच ती घालतात. ताण किंचित सैल सोडावा लागतो, इतका की बसलेल्या बाकीच्या पिना खाली पडणार नाहीत. हे मी त्याला सांगितलं नाही. तो तासभर झगडला आणि त्याला स्वतःलाच सापडलं.

पुढे त्याने व्यावसायिक विभागातली टिपणं वाचायला मागितली. तेव्हा ती सर्वांना खुली होती. त्यात मीच बऱ्याच वर्षांपूर्वी केलेला एका सिलिंडरचा तक्ता होता: पाच पिना, त्यांतल्या तीन डमरूच्या. त्याने तेच मॉडेल बाजारातून नवं आणलं आणि दोन आठवड्यांनी चेहरा पाडून माझ्याकडे आला. म्हणाला, ‘काका, तुमचा तक्ता चुकला का माझं काही चुकतंय, कळत नाही. हे कुलूप फार लवकर उघडतं.’ त्याने एकाच मॉडेलची चार कुलपं खोलली होती. पांढऱ्या कागदावर चार ओळींत पिना मांडल्या होत्या, प्रत्येकीखाली व्हर्निअरने घेतलेलं माप पेन्सिलीने लिहिलेलं. चारही ओळींत एकही डमरू नव्हता. सगळ्या साध्या, सरळ पिना. बनवणाऱ्याने आतला माल गुपचूप बदलला होता आणि माहितीपत्रक मात्र जुनंच चालू ठेवलं होतं.

मी ते कुलूप तोवर तीसेक दारांना बसवलं होतं. माहितीपत्रकावर विश्वास ठेवून, माझ्या जुन्या तक्त्यावर विश्वास ठेवून, गिऱ्हाइकाला ‘हे चांगलं आहे’ असं माझ्या तोंडाने सांगून. पुढचा महिनाभर मी एकेका घरी परत गेलो, सिलिंडर काढले आणि पिना बदलून दिल्या. एका घरी म्हाताऱ्या आजी एकट्याच राहत होत्या. त्यांनी विचारलं, ‘बिघडलं का हो?’ मी म्हणालो, ‘नाही आजी, मलाच उशिरा कळलं.’

मला स्वतःला हे का दिसलं नाही? कारण धंद्यातल्या माणसाकडे कुलूप उघडायला वेळ असतो, उलगडायला नसतो. दार उघडून द्यायचं, नवं बसवायचं आणि पुढच्या ठिकाणी जायचं. एकाच मॉडेलची चार कुलपं पदरच्या पैशाने आणून, खोलून, पिना मोजत बसणं आपल्याला परवडत नाही. हौशी माणूस ते प्रेमापोटी करतो. पण माझा तक्ता त्याच्या हातात नसता, तर ताडून पाहायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं. तुमचा ठराव तेव्हा लागू असता तर ती तीस दारं आजही तशीच असती.

हा वाद आपल्याला आज नवा वाटतो, पण तो जुना आहे, आणि त्याचा निकालही एकदा लागलेला आहे. 1817 मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाली. त्यानंतर 1818 मध्ये इंग्रज कुलूपकार जेरेमाया चब यांनी त्यांचं डिटेक्टर कुलूप आणलं. कुणी छेडछाड करताना एखादी लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलली जाणारी आतली पट्टी, गरजेपेक्षा जास्त उचलली की ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावला होता. लंडनमधले कुलूपकार जोसेफ ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत तर 1790 पासून एक कुलूप पाटीसह ठेवलेलं होतं: जो हे उघडण्याचं हत्यार बनवेल त्याला 200 गिनी (जुनं इंग्रजी चलन). साठ वर्षं ते कुणाला उघडलं नाही. इंग्रज व्यापारी, बँका, सरकार, सगळे निर्धास्त होते.

1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी अमेरिकेहून कुलूपकार आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज आले. त्यांनी साक्षीदारांसमोर चबचं कुलूप 25 मिनिटांत उघडलं आणि पुन्हा जसंच्या तसं बंदही केलं. ज्या डिटेक्टरवर सगळ्यांचा भरवसा होता, तोच त्यांना कुठली लिव्हर किती उचलायची ते सांगत होता. ब्रामाच्या कुलपाला 16 दिवसांत पसरलेले 51 तास लागले, पण तेही उघडलं. त्यानंतर जी ओरड झाली ती आपल्या बैठकीत ऐकू येते तीच: हे लोकांसमोर आणायला नको होतं, आता चोरांना आयतं शिक्षण मिळेल. 1853 मध्ये लंडनला निघालेल्या कुलपांवरच्या एका पुस्तकात या ओरडीला उत्तर आहे. त्याचा आशय असा, की चोर आपल्या धंद्यात फार तरबेज असतात आणि आपण त्यांना शिकवू शकू त्याहून कितीतरी जास्त त्यांना आधीच ठाऊक असतं. कुलूप कच्चं असेल तर ते कळण्याची गरज आहे ती भल्या माणसांना. आणि पुढे झालं काय? कुलपं सुधारली. 1861 आणि 1865 मध्ये लायनस येल धाकटे यांनी ज्या पिन सिलिंडरची पेटंटं घेतली, त्याच तत्त्वावरचं कुलूप आज तुमच्या माझ्या दाराला आहे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या धंद्याचं ब्रीद होऊन बसलं आहे. पण मूठ झाकल्याने कुणाचं काय झालं, ते एकदा नीट पाहू या. मास्टर की पद्धतीचंच घ्या. एकाच इमारतीत प्रत्येक खोलीची किल्ली वेगळी आणि व्यवस्थापकाच्या एका किल्लीने सगळ्या खोल्या उघडतात. 2003 मध्ये मॅट ब्लेझ या संगणक-सुरक्षेच्या संशोधकाने दाखवून दिलं की ज्याच्याकडे एका खोलीची किल्ली आणि ते कुलूप आहे, तो मोजक्या कोऱ्या किल्ल्या आणि एक कानस घेऊन सगळ्या इमारतीची किल्ली तयार करू शकतो. धंद्यातल्यांपैकी बरेच जण त्याच्यावर संतापले. पण हे खोटं आहे असं त्यांनी म्हटलं नाही. ते म्हणाले, हे तर आम्हाला पिढ्यानपिढ्या माहीत होतं! मला हे वाचून शरम वाटली होती. आपल्याला माहीत होतं, तर ज्या वसतिगृहांना, कचेऱ्यांना, इस्पितळांना आपण ही पद्धत विकली, त्यांना कुणी सांगितलं? कुलपात किल्ली घालून हातोडीच्या टिचकीने पिना उडवून ते उघडण्याची युक्ती, म्हणजे ‘बंप’, हीसुद्धा तशीच. 1920 च्या दशकातल्या अमेरिकन पेटंटात ती आहे. सर्वसामान्यांच्या कानांवर ती पडली साधारण 2005 च्या सुमारास, आणि तेही नेदरलँड्समधल्या हौशी मंडळींनी आरडाओरडा केल्यावर. त्यानंतर कुठे बनवणाऱ्यांनी ‘बंप’ला दाद न देणारे सिलिंडर ठळकपणे पुढे आणले.

सायकलच्या कुलपाचं उदाहरण तर सगळ्यांना पाठ असेल. क्रिप्टोनाइट कंपनीची गोल किल्लीची महागडी कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात, हे 2004 मध्ये जगजाहीर झालं आणि कंपनीने कुलपं बदलून दिली. तशा कुलपांतला हा दोष ब्रिटनमधल्या एका सायकल मासिकात 1992 मध्येच छापून आला होता. मधली बारा वर्षं माहिती अर्धवट झाकलेली राहिली. त्या बारा वर्षांत ज्यांची सायकल गेली, त्यांना आपलं कुलूप कशाने उघडलं ते कळलंही नसेल.

आणि चोर? मी चोरी झालेल्या घरी जातो तेव्हा मला काय दिसतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. चौकट फुटलेली असते. चौकटीतल्या ज्या पट्टीत कुलपाचा दांडा शिरतो, ती पट्टी उपटून निघालेली असते, कारण सुताराने तिला बोटाच्या पेराएवढे स्क्रू लावले होते. किंवा मागची खिडकी उघडी होती. किंवा किल्ली कुंडीखाली होती. तासभर बसून पिना ऐकणारा चोर मला इतक्या वर्षांत एकदाही भेटला नाही. त्याला घाई असते आणि त्याच्याकडे पहार असते. आपल्या फायली हौशींना बंद केल्याने त्या पहारीचं काही बिघडत नाही.

आता मला काय बंद करावंसं वाटतं ते सांगतो, कारण सगळंच उघडं टाका असं मी म्हणत नाही. ज्या कागदावरून एका ठरावीक दाराची किल्ली बनते, तो कागद कुणालाही दिसता कामा नये. किल्ल्यांचे नंबर, गिऱ्हाइकांच्या नोंदी, एखाद्या इमारतीच्या मास्टर कीचा तक्ता, वाहनांच्या किल्ल्यांचे संकेतांक, हे मंडळाच्या फाइलीत असूच नये. हौशीला नाही, आणि मलाही नाही. माझा धंदा आहे म्हणून दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाच्या दाराची किल्ली बनवण्याचा अधिकार मला मिळत नाही. ठरावात यावर एक अक्षर नाही, याचंच मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं. हौशींना बाहेर काढा म्हणता, आणि खरोखर धोक्याचे कागद धंद्यातल्या शेकडो लोकांत खुशाल फिरू देता.

नवा दोष सापडला तर तो आधी बनवणाऱ्याला कळवावा, सुधारायला ठरावीक मुदत द्यावी आणि मुदत संपली की सर्वांना सांगावा. ती मुदत किती असावी यावर आपण भांडू शकतो. तीन महिने म्हणा, सहा म्हणा. संगणकाच्या सुरक्षेतली मंडळी याच रीतीने वागतात आणि त्यांचं काही अडलेलं नाही. पण कुलूप कसं चालतं, कुठे फसतं, कोणती पिन कशासाठी घालतात, जुन्या लिव्हरच्या कुलपात खोटी खाच का ठेवतात, ही विद्या आहे. ती मला ज्यांनी शिकवली त्यांनी माझा पुरावा मागितला नव्हता. त्यांनी माझे हात पाहिले, आणि मी कसा वागतो ते पाहिलं.

पुराव्याचाच विषय निघाला म्हणून विचारतो, धंद्याचा पुरावा म्हणजे नेमकं काय? छापील कार्ड? ते कुणीही छापून आणतो. दुकानाची पाटी? बिल? आपल्या धंद्यात सगळेच सचोटीचे आहेत असं छातीठोकपणे कोण सांगेल? पाच मिनिटांत उघडणारं कुलूप ड्रिलने फोडून गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवं मारणारे आपल्यातलेच आहेत, आणि त्यांच्याकडे पुरावे अगदी चोख असतात. उलट हौशींचे दोन नियम आहेत: जे कुलूप आपलं नाही त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे त्याच्यावर सराव करायचा नाही, मग ते आपल्याच घरचं का असेना. नव्या मुलाला पिक हातात देण्याआधी हे दोन नियम त्याच्याकडून वदवून घेतात. एकाने नियम मोडल्याचं कळताच त्याच्याशी सगळ्यांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलं आहे. आपल्या धंद्याच्या संघटनेत अशी शिस्त मी तरी पाहिलेली नाही.

म्हणून माणूस पारखायचाच असेल तर वागणुकीवर पारखा. सहा महिने मंडळात ये, स्वतःची कुलपं घेऊन बस, काय सापडलं ते सगळ्यांना दाखव, दोन जुन्या सभासदांनी तुझ्यासाठी शब्द द्यावा. मग तो पोटासाठी कुलपं उघडतो की आवडीसाठी, याने काय फरक पडतो? ज्याला आजच उत्तर हवं आहे तो सहा महिने थांबत नाही. चाळणी आपोआप लागते.

एक कारण ठरावात लिहिलेलं नाही, पण बैठक संपल्यावर कानावर येतं. ‘सगळ्यांना सगळं कळलं तर आपल्याला कोण बोलावणार?’ यात हसण्यासारखं काही नाही. आपल्यातले बरेच जण हातावर पोट असलेले आहेत, आणि पोटावर पाय येण्याची भीती मी समजू शकतो. पण मला रात्री दीड वाजता फोन करणाऱ्या बाईला पिन आणि स्प्रिंग समजून घ्यायची नसते. तिचं तान्हं मूल दाराच्या आत असतं आणि ती बाहेर. मी वीस मिनिटांत पोहोचावं, दार न फोडता उघडावं आणि जाताना तिने माझ्यावर शंका घेऊ नये, याचे पैसे ती देते. कुणी कितीही टिपणं वाचली तरी हे काम त्याच्याने एका रात्रीत होत नाही. आणि ज्या मुलाने माझी तीस दारं वाचवली, त्याच्यासारख्यांमुळे मला आजवर गिऱ्हाइकं मिळालीच आहेत. त्याच्या नात्यातल्या कुणाचं दार अडलं की तो माझा नंबर देतो, स्वतः हात घालत नाही. नियम आहे म्हणाला, कुलूप वापरातलं आहे.

तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती अशी: ठराव मतदानाला टाकण्याआधी फाइल एकदा सगळ्यांनी मिळून चाळा. किल्ल्यांचे नंबर आणि गिऱ्हाइकांच्या नोंदी असलेले कागद त्याच दिवशी बाजूला काढून ज्याचे त्याला परत करा किंवा फाडून टाका. त्या कामाला मी येतो, लागेल तेवढा वेळ देतो. उरलेल्या फाइलीसाठी ‘धंद्यातले’ हा शब्द काढून ‘मंडळाने पारखलेले’ हा शब्द घाला.

माझा तो पाच पिनांचा तक्ता मी नव्याने काढला आहे. जुन्या मालाच्या पिना डाव्या बाजूला, नव्याच्या उजव्या, आणि मापं त्या मुलाच्या अक्षरात. खाली आम्हा दोघांची नावं आहेत. तो व्यावसायिक विभागात लावण्यासाठी पुढच्या बैठकीला घेऊन येणार आहे, आणि त्यालाही सोबत आणणार आहे. तक्ता आत गेला आणि तो बाहेर बसला, असं झालं तर तक्ता मी परत नेईन.

आपला,
तुमच्यातलाच एक कुलूप दुरुस्त करणारा